पवित्रता फादर-सिस्टरांवर सोपवून चालणार नाही

गोव्यातल्या आम्हा मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत सध्या एक संदेश मोबाइलवरून हातोहाती फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘आपण संसारी माणसे. पवित्र होणे हे फादर-सिस्टरांचे आणि संतांचे काम. रविवारचा मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चुकवू नये, फेस्ताला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करावी, कुणाचे वाईट करू नये, एवढे पुरे. त्यापुढे जाऊन पवित्र व्हायचा हट्ट धरणे हा अहंकार आहे, कारण तारण कृपेने होते. बाकी देव समजून घेतो.’ हा संदेश मला पाठवणारी माणसे माझ्या घरातलीच आहेत, त्यांच्या मनात खोट नाही, आणि दिवसभराच्या कामाने दमलेल्या माणसाला यातून दिलासा मिळतो हेही मी जाणतो. तरीही यातले जवळजवळ प्रत्येक विधान ख्रिस्ती शिकवणुकीला धरून नाही, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पवित्रता ही फादर-सिस्टरांची बाब आहे, हे पहिले विधान. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘सर्व प्रकारच्या आचरणात पवित्र व्हा’ असे सांगितले आहे, आणि ज्यांना ते सांगितले त्यांच्यात नवरे होते, बायका होत्या, दुसऱ्यांच्या घरी राबणारे दासही होते. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ‘पवित्र होण्यासाठी बोलावलेले’ म्हणतो आणि त्याच पत्रात त्यांच्या भांडणांवरून, कोर्टकज्ज्यांवरून त्यांची कडक कानउघाडणीही करतो. म्हणजे हे बोलावणे निर्दोष माणसांपुरते नव्हते. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज जाहीर केला, त्याचे पाचवे प्रकरण सर्वांना असलेल्या पवित्रतेच्या पाचारणावर, म्हणजे बोलावण्यावर, आहे आणि व्रतस्थांवरचे प्रकरण त्याच्यानंतर, सहावे आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पाचारण स्नानसंस्कारातच (बाप्तिस्म्यातच) मिळते. मठातले व्रत ही ते जगण्याची एक वाट आहे.

संसारात, धंद्यात राहून पवित्र होता येत नाही, हा या संदेशाचा न बोललेला पण खरा आधार आहे. त्याला सर्वांत ठाम उत्तर बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सापडते. ‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे’ असे म्हणून परमेश्वर पुढे काय सांगतो ते पाहावे: आईबापांचा मान राखा, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राहू द्या, चहाड्या करत फिरू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, म्हाताऱ्यासमोर उठून उभे राहा, परक्या मुलखातून आलेल्यावर स्वतःसारखी प्रीती करा, तराजू आणि वजने खरी ठेवा. यातल्या बहुतेक आज्ञा पाळण्याची जागा देवळाबाहेर आहे: शेतात, बाजारात, उंबरठ्याच्या आत.

याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असेही वचन आहे. माझे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. एका प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या) सुरुवातीला घरामागचा चिऱ्यांचा गडगा बांधायला कर्नाटकातून आलेले दोन गडी मी लावले होते. शनिवारी संध्याकाळी काम संपले तेव्हा गल्ल्यात पैसे होते, पण हिशेब मिटवून ठेवला होता आणि तो पुन्हा उघडायचा कंटाळा आला, म्हणून त्यांना सोमवारी यायला सांगितले. रविवारी मी नेहमीप्रमाणे मिस्साला गेलो. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या सोमवारी मिस्सामध्ये लेवीयचा हाच अध्याय वाचतात, आणि त्या सोमवारी मी तो बाकावर बसून ऐकला. परत आलो तेव्हा दोघेही बंद शटरसमोर उभे होते. रविवारचे तांदूळ उधारीवर आणले, असे त्यांतला थोरला अगदी साध्या आवाजात म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मी पैसे मोजून दिले. माझा रविवारचा मिस्सा चुकला नव्हता आणि मी कुणाचे वाईट चिंतलेही नव्हते, म्हणजे संदेशाच्या मापाने माझे सगळे ठीक होते. तरी ती आज्ञा मी सरळ मोडली होती.

पवित्र होण्याचा प्रयत्न हा अहंकार आहे आणि तारण कृपेने होते, या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. स्वतःच्या उपासतापासाची यादी देवासमोर वाचणारा परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, येशूच्या दाखल्यातच आहे. पण कृपा आणि प्रयत्न यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे पौलाला ठाऊक नाही. फिलिप्पैकरांना तो ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ असे सांगतो आणि लगेच कारण देतो, की इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्यात साधून देणारा देवच आहे. देव आत काम करतो आहे म्हणून आपण उठायचे. तो करतो आहे म्हणून आपण बसून राहायचे, असा अर्थ या वाक्यातून निघूच शकत नाही.

संतांविषयी बोलताना आपल्या डोळ्यांपुढे जुन्या गोव्यातली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची चांदीची पेटी आणि तिच्या दशवार्षिक दर्शनाची रांग येते, आणि संत म्हणजे आपल्याहून वेगळी जात असे वाटू लागते. बाणावलीत 1651 साली जन्मलेले संत जुझे वाझ धर्मगुरू होते हे खरे, परंतु 1697 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांना त्यांनी जवळ केले, त्यांना खाऊपिऊ घातले, त्यांची शुश्रूषा केली. यासाठी गुरुदीक्षा लागत नाही. फ्रान्समधले लुई आणि झेली मार्टिन हे घड्याळजी नवरा आणि लेस विणून विकण्याचा धंदा करणारी बायको. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली, आणि 18 ऑक्टोबर 2015 रोजी दोघांना एकत्र संत घोषित करण्यात आले. त्रावणकोरच्या दरबारातले नोकर, विवाहित गृहस्थ देवसहायम पिल्लै यांना 2022 मध्ये तोच मान मिळाला.

राहिले ‘देव समजून घेतो’. तो समजून घेतो, कबुलीजबाबाच्या प्रत्येक खेपेला मी हे अनुभवले आहे. पण जक्कय जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला, तेव्हा जक्कयने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करायचे कबूल केले, आणि त्याचे हे बोलणे ऐकल्यावरच आज या घराला तारण झाले असे येशू म्हणाला. जक्कयने जकात नाका सोडून द्यावा, असे तो कुठेही म्हणत नाही.