नव्या सेडानच्या पैशात जुनी जर्मन गाडी: हा हिशेब अपुरा आहे

गेले काही महिने मुंबईतल्या मराठी माणसांच्या मोबाइलवर एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा गाभा असा: "पंधरा-सोळा लाखांत नवी मध्यम सेडान घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत सात-आठ वर्षे जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान घ्या. घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मुंबईच्या गाड्या फारशा धावलेल्या नसतात. बाहेरच्या गॅरेजात देखभाल निम्म्या खर्चात होते. दिल्लीहून आणली तर आणखी स्वस्त पडते. जुनी म्हणून विम्याचा हप्ताही कमी, आणि पुढे विकताना घातलेले पैसे सुटतात." मी स्वतः सहा वर्षांपासून अशीच एक जुनी जर्मन सेडान चालवतो आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून कोणी कर्ज काढून गाडी दारात आणील आणि पहिल्याच मोठ्या बिलाला हतबल होईल, याची मला मनापासून काळजी वाटते.

घसाऱ्याचे विधान खरे आहे, पण अर्धेच. महागड्या सेडानची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, हे नाकारता येत नाही. मात्र उतरते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. सोळा लाखांना मिळालेल्या गाडीचा हेडलाइट, शॉक अब्सॉर्बर, ब्रेकच्या डिस्क हे सगळे पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात आणि त्याच दराने विकत घ्यावे लागतात. गाडी चाकणला, शेंद्र्याला किंवा चेन्नईला जोडली गेली असली, तरी तिचे कितीतरी भाग परदेशातून येतात. माझ्या गाडीचे चार रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) टायर बदलले तेव्हा बिल ऐंशी हजारांच्या वर गेले होते, आणि ती गाडीची बिघाडदुरुस्ती नव्हती, नुसती झीज होती.

याच मुद्द्यात आणखी एक गफलत दडलेली आहे. विकणारा मूळ बिल दाखवतो आणि "पंचावन्न लाखांची गाडी सोळा लाखांत" असे सांगतो. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. त्याआधी १५०० सीसीवरच्या मोठ्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर मिळून ४८ टक्के कर होता; आता उपकर जाऊन ४० टक्के राहिला आहे. नव्या गाडीची किंमतच खाली आल्यावर जुन्या बिलाशी केलेली तुलना फसवी ठरते. भाव करताना त्याच वर्गातल्या नव्या गाडीची आजची किंमत डोळ्यांपुढे ठेवावी.

आता "मुंबईची गाडी फारशी धावलेली नसते" या विधानाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसे इथेच फसतात. मीटर किलोमीटर मोजतो, तास मोजत नाही. वांद्रे ते लोअर परळ अशा प्रवासात ताशी सरासरी १५ किलोमीटर वेग धरला, तर ४० हजार किलोमीटरला इंजिन सुमारे २,६६७ तास चाललेले असते. महामार्गावर सरासरी ६० च्या वेगाने तेवढेच अंतर ६६७ तासांत कापले जाते. म्हणजे आकडा तोच, पण इंजिन चौपट वेळ चाललेले. या काळात एसी चालू, पंखा चालू, गिअरबॉक्स दर पन्नास पावलांवर पहिल्या-दुसऱ्यात खालीवर होणारा. डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधला काजळी गाळणारा फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडीला अधूनमधून सलग वेगात पळवावे लागते. नुसत्या सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीत तो तुंबत जातो. स्टॅक पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी तर आणखी वेगळ्या कारणाने खराब होते: बॅटरी बसते, रबरी बुश आणि होज कडक होऊन चिरतात, टायर न झिजताच म्हातारे होतात.

हे सगळे मीटरचा आकडा खरा आहे असे धरून झाले. गेल्या पावसाळ्यानंतर भाच्याबरोबर पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो होतो. पांढरी गाडी, मीटरवर ४१ हजार, "फर्स्ट ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, एक नंबर कंडिशन." आम्ही येणार हे ठाऊक असल्याने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते, बॉनेटवर हात ठेवला तर चांगले गरम लागले. इंजिनाचा खरा आवाज थंड असताना सुरू करण्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो, तो आम्हाला ऐकायलाच मिळाला नाही. मग मी ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ, काळाभोर. जो सहसा कधी बाहेर येत नाही, त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी मातकट रेघ होती आणि बोट फिरवल्यावर सुकलेल्या गाळाची बारीक पूड हाताला लागली. गाडी पाण्यात बुडालेली होती. सीट धुतल्या होत्या, मॅट नवीन टाकल्या होत्या, बेल्ट मात्र गुंडाळीच्या आतून कोणी पुसत नाही.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, निदान मीटर तरी खरा असेल ना?" चॅसिस नंबर आम्ही टिपून घेतला होता. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या माणसाकडून नोंद पाहून घेतली, तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ७८ हजार किलोमीटर लिहिलेले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस अपवादाचा म्हणून सोडला, तरी हिंदमाता, अंधेरी सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी पावसाळ्यात गाड्या अडकतातच, आणि त्यातल्या काही पुढे पॉलिश होऊन बाजारात येतात. अशा गाडीची वायरिंग आणि सीटखालची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लगेच बंद पडत नाहीत. गंज चढत जातो आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक दिवा डॅशबोर्डवर लागू लागतो.

बाहेरच्या गॅरेजच्या विधानात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. मुंबईत जर्मन गाड्यांवर हात बसलेले स्वतंत्र मेकॅनिक आहेत, माझी गाडी त्यांच्यापैकीच एकाकडे जाते आणि अधिकृत केंद्रापेक्षा मजुरी खूपच कमी पडते. पण मजुरी हा सहसा बिलाचा लहान हिस्सा असतो, सुटे भाग मात्र त्याच दराचे राहतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आरसा, बंपर, दरवाजाचे ट्रिम जुने मिळून जाईल; वापरलेला सेन्सर किंवा टर्बो मात्र मी कधी बसवणार नाही. शिवाय या गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी अनेकदा ती संगणक जोडून गाडीत नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग यंत्रणा जुनीच बॅटरी आहे असे समजून चालते. ज्या गॅरेजकडे योग्य स्कॅनर नाही, तिथे वाचलेले पैसे पुढच्या दुरुस्तीत जातात.

देखभाल म्हणजे दरवर्षीचे ऑइल आणि फिल्टर, असे त्या मजकुरात गृहीत धरलेले दिसते. खरा खर्च त्यापलीकडचा आहे. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी मध्ये येणारे दोन लिटरचे डिझेल इंजिन घ्या. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडबंद करणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची वेळ आली, तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, त्यामुळे चेनच्या किमतीपेक्षा तिथवर पोचण्याचीच किंमत जास्त होते. २०१२ ते २०१५ च्या सुमाराच्या ३२८आय मधल्या पेट्रोल इंजिनाच्या चेनला आधार देणारे प्लास्टिकचे गाइड तुटण्याबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता आणि तो तडजोडीने मिटला. या गाड्यांतला झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उत्तम आहे. त्याचे ऑइल आयुष्यभराचे आहे असे गाडी विकणारे सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असल्याने अख्खे पॅन बदलावे लागते. सात-आठ वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला नेमके हेच काम पहिल्या वर्षात येते, आणि आधीच्या मालकाने ते टाळलेले असण्याची शक्यता मोठी असते.

दिल्लीच्या गाडीबद्दल. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल व पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, तेव्हापासून तिकडची डिझेल गाडी वय वाढेल तशी स्वस्त होत गेली; २०२५ मध्ये न्यायालयाने ही बंदी थोडी सैल केली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवलेला हवा, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. वीस लाखांवरच्या गाडीला तो पेट्रोलसाठी १३ आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे; जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो घटतो, पण आधार तिच्या मूळ किमतीचा असल्याने, तुम्ही दिलेल्या किमतीच्या मानाने रक्कम मोठी वाटते. दिल्लीला भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, मात्र त्यासाठी वेगळे हेलपाटे आहेत. हे सगळे धरल्यावर वाचलेल्या दोन-अडीच लाखांतले फारसे काही हाती उरत नाही, आणि गाडीचा इतिहास तपासणारे तुमच्या ओळखीचे तिथे कोणी नसते ते वेगळेच.

विम्याचा हप्ता कमी असतो, हे खरे. पण कमी हप्त्यात मिळते तेही कमीच. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानासाठीच्या विम्याचा, हप्ता गाडीच्या वयावर नसून इंजिनाच्या सीसीवर ठरतो, तो उतरत नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे जोडकलम, बहुतेक कंपन्या नव्या गाड्यांनाच देतात. ते नसेल, तर नुकसानभरपाईत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापली जाते, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांची ४० टक्के. पुढून हलकी धडक बसली तरी या गाड्यांत बंपर, ग्रिल, हेडलाइट असे प्लास्टिकचेच भाग जातात, म्हणजे खर्चाचा निम्मा भार तुमच्यावर. पाण्यातून इंजिन चालवून ते बिघडले, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि मुंबईत ते न घेता पावसाळ्यात गाडी काढू नये. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्याच्याबरोबर जातो, तुमच्याकडे येत नाही.

शेवटचे विधान, विकताना पैसे सुटतात. मी माझी गाडी २०१९ मध्ये सोळा लाखांना घेतली. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याने तिला सात लाख सांगितले, कारण मी दुसरा मालक आणि घेणारा तिसरा ठरणार. या सहा वर्षांत इंधन आणि विमा सोडून तिच्यावर साडेपाच लाख खर्च झाले. त्याची सगळी बिले एका फाइलमध्ये क्रमाने लावलेली आहेत. व्यापाऱ्याने ती फाइल उघडूनही पाहिली नाही. भाच्याने मात्र परवा ती घरी नेली आहे, आणि कुठल्या वर्षी काय बदलावे लागले याची यादी करून तो आता मुलुंडच्या एका पहिल्या मालकाशी बोलतो आहे, ज्याच्याकडे अशीच एक फाइल आहे.