'मुर्मू म्हणाली' नाही, राष्ट्रपती म्हणाल्या

सकाळपासून डोकं फिरलंय. एका मराठी चॅनलचा वार्ताहर राष्ट्रपतींच्या कार्यक्रमाची बातमी देत होता. 'मुर्मू म्हणाली', 'ती पोहोचली', 'तिने सांगितलं'. एकदा नाही, बातमी संपेपर्यंत. आणि लगेच पुढच्या बातमीत महापालिकेच्या तिकिटासाठी धडपडणाऱ्या एका इच्छुकाला 'साहेब म्हणाले'! नंतर तीच क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आली. खाली हसणारे चेहरे. कोणाला काही खटकलंच नाही.

हे कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मी नोकरीला होते त्या शाळेत पेठ तालुक्यातल्या एक आदिवासी बाई होत्या. माझ्याहून कितीतरी सीनियर, चौथीचा वर्ग त्यांच्याकडे, फळ्यावरचं अक्षर बघत राहावं असं. नव्याने लागलेल्या आम्ही सगळ्या 'मॅडम', आणि त्यांना मात्र नावाने हाक. मुख्याध्यापक व्हरांड्याच्या त्या टोकावरून ओरडायचे, 'ए, मस्टर घेऊन ये गं!' वर्गात पोरं बसलेली, सगळी ऐकतायत. बाई खडू ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि निघायच्या. त्याच शाळेत शिपायाला सगळे 'मामा' म्हणायचे.

आपण अब्दुल कलामांना 'कलाम सर' म्हणतो. प्रणव मुखर्जींना प्रणवदा. जळगावच्या प्रतिभाताई २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या, त्या आजही ताईच आहेत. मग रायरंगपूरच्या शाळेत शिकवलेल्या, तिथल्या नगरसेविका झालेल्या, झारखंडच्या राज्यपाल राहिलेल्या बाईंच्या वेळीच जीभ का घसरते? बाई आहे, आदिवासी आहे, म्हणून. दुसरं कारण असेल तर मला सांगा.

आणि ही फक्त व्यक्तीची गोष्ट नाही. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट छापतात. घरातला काढा आणि आतला मजकूर वाचा. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगाला विनंती केलेली आहे की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या, लागेल ती मदत करा. ज्यांची मुलं त्या नावावर अमेरिकेला पोहोचली, तेच ग्रुपवर हसतायत. केंद्र सरकारचा कारभारही घटनेच्या कलम ७७ प्रमाणे याच नावाने चालतो.

'महामहिम' वगैरे मला नकोच आहे. प्रणवदांच्या काळात, २०१२ मध्ये, ते मागे पडलं ते बरंच झालं. टीकाही करा, खुशाल करा. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला राष्ट्रपतीच नव्हत्या, तेव्हा सरकारने कुठे मान ठेवला, असं कोणी विचारलं तर तेही बरोबर आहे. पण म्हणून तुम्हाला अरे-तुरेचा परवाना मिळाला का? २०२२ मध्ये काँग्रेसचे तेव्हाचे खासदार अधीर रंजन चौधरी मुर्मूंना 'राष्ट्रपत्नी' म्हणाले आणि त्यांना माफीचं पत्र लिहावं लागलं. तेव्हा संतापलेले आमचे काही मित्र आज याच क्लिपवर गप्प आहेत.

हो, विठोबाला आणि आईला आपण एकेरीच बोलतो. पेठ-सुरगाण्याकडची पोरं तर गुरुजींनाही 'तू' म्हणतात. बाईंच्या वर्गात तिकडून आलेली एक चिमुरडी होती. 'बाई, तू उद्या येशील ना?' असं त्यांचा पदर धरून विचारायची. ते ऐकायला इतकं गोड वाटायचं! पण मुख्याध्यापकांच्या 'ए' मध्ये तो गोडवा नव्हता, आणि या वार्ताहराच्या 'ती' मध्येही नाही.

२५ जुलै २०२२ ला द्रौपदी मुर्मूंनी शपथ घेतली, त्या दुपारी बाईंचा फोन आला. रिटायर होऊन पेठला राहत होत्या. टीव्हीवर सगळं बघितलेलं, आवाज भरून आलेला. म्हणाल्या, 'आता ह्यांना तरी कोणी ए म्हणणार नाही, हो ना गं?' मी म्हटलं, 'कोणाची हिंमत आहे, बाई!'

चॅनलच्या पेजवर मी आत्ताच लिहून आले आहे. 'राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू म्हणाल्या' असं बोला, निर्णय पटला नाही तर 'राष्ट्रपती चुकल्या' असं बोला. तुम्हीही जाऊन लिहा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी हसणारे चेहरे टाकलेत, त्यांनी ते आज रात्रीपर्यंत काढावेत.