एवढ्याने रडतेस, मग बाळंतपण कसं करणार?

एचएसजीच्या टेबलावर आडव्या पडलेल्या बाईला हे ऐकवतात. कधी सिस्टर, कधी खुद्द डॉक्टर. मूल होत नाही म्हणूनच जी तिथे आली आहे, तिला!

ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते. एचएसजी म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत ते बघायची तपासणी. पाळी संपल्यावर, पण पाळी सुरू झाल्यापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आत करतात. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी आत घालायची, डाय म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य सोडायचं आणि एक्स-रे काढायचे. डाय भरताना गर्भाशय ताणलं जातं आणि पाळीत येते तशी, पण एकदम जोराची कळ येते. काहींना फारसं जाणवत नाही. काही घामाघूम होतात, नाडी मंदावते, चक्कर येते. कुणाला किती दुखेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून दुखणं कमी करायची सोय सगळ्यांनाच विचारायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

माझ्या धाकट्या जावेबरोबर मी गेले होते. आदल्या दिवशी फोनवर सूचना मिळाल्या: पॅड आणा, जुने रिपोर्ट आणा, पैसे आधी भरा. तासभर आधी एक गोळी घ्या, हे कुणी म्हणालं नाही. ती आत असताना दार दोनदा उघडलं, एकदा फाइलसाठी आणि एकदा "गुडघ्याचा पेशंट पाठवू का?" विचारायला. बाहेर आली ती भिंतीला धरून, सलवारची नाडी एका हाताने सावरत. आणि मागून आवाज, "झालं की! उगाच घाबरत होतात."

दाढ काढताना हिरडी बधिर करायची का, असा वाद कुणी घालत नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गातून दुर्बीण घालतात तेव्हा आधी बधिर करणारी जेली सोडतात. तिथे "सोसायला शिका" कोण म्हणतं? बाईच्या बाबतीत मात्र सोसणं हा जणू तिचा अंगचाच गुण.

हे माझंच रडगाणं नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2024 मध्ये सांगितलं की कॉपर टीसारखी साधनं बसवताना लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा उपयोग होऊ शकतो आणि वेदना कशी कमी करायची हे प्रत्येकीशी आधी बोललं पाहिजे. 2025 मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एसीओजीने, गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या ओपीडीतल्या प्रक्रियांसाठी हेच सांगितलं: पर्याय समजावा आणि द्या.

आपल्याकडेही चांगले डॉक्टर आहेतच. ते अ‍ॅसिडिटी, अ‍ॅलर्जी विचारून आधी वेदनाशामक देतात, डाय सावकाश सोडतात, पुढे काय होणार ते बोलत राहतात. "काही दुखत नाही हो" ही थाप कृपया नको. पहिली कळ आली की तुमच्या पुढच्या शब्दावरचा विश्वास उडतो. "आता कळ येईल, थोडा वेळ राहील, थांबा म्हणालात की मी थांबेन" एवढं म्हटलं तरी मुठी सैल होतात.

आणि शेवट घाईत उरकू नका. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालेल्या पेशंटवर रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांचा 1996 चा अभ्यास आहे. एकूण किती वेळ दुखलं यापेक्षा सगळ्यात जास्त दुखलेला क्षण आणि शेवटची काही मिनिटं माणसाच्या मनात राहतात. हीच बाई पुढच्या तपासणीला येणार की "उपचार नकोत" म्हणून घरी बसणार, हे त्यावरही ठरत असेल. पाच मिनिटं पडू द्या, पाणी द्या, मग उठवा.

मैत्रिणींनो, अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: दुखू नये म्हणून काय देता? दार आतून लावता ना? लाजू नका. नवऱ्यालाही विचारायला लावा. तो नाहीतर बाहेर मोबाइल बघत बसतो.

कुणी म्हणेल, ओपीडीला एवढी गर्दी, डॉक्टरांना वेळ कुठे? गोळीचा असर व्हायला तासभर लागतो हे मान्य. पण तेवढा वेळ ती बाई बाहेरच्या बाकावर तशीही बसलेलीच असते.