हशाला खोली लागते

धडपडणाऱ्या स्टँड-अप कलाकारावर कमी पैशांत विनोदी चित्रपट करायचा, ही कल्पना कागदावर फार स्वस्त वाटते. एक माणूस, एक माइक, मागे विटांची भिंत. असा एखादा मराठी चित्रपट आठवड्यात थिएटरमधून उतरला की वाद ठरलेला: स्क्रीन मिळाले नाहीत, वेळा आडनिड्या होत्या. 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती जाहीर केली, तेव्हापासून हा वाद त्याच रुळावर आहे. दुसरा वाद, विनोदवीराला काय बोलू द्यायचं याचा. ब्रिटनमध्ये बसून दोन्ही वाद वाचताना एक गोष्ट खटकते. विनोद ज्या खोलीत पिकतो, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे ती खोली बहुधा पबच्या माडीवर नाहीतर तळघरात असते. चाळीस-पन्नास खुर्च्या, एक स्पीकर, नवख्याला पाच मिनिटं. टिकला तर दहा, मग वीस. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. इंग्लंडमध्ये नुसत्या स्टँड-अपसाठी करमणुकीचा परवाना लागत नाही, आणि नाटकाची सेन्सॉरशिप 1968 च्या कायद्याने संपली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी जाते. म्हणून इथे स्वर्ग आहे असं नाही. नवख्याला मानधन नसतं. एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात पदरमोड करून जायचं आणि फुकट प्रवेशाच्या खेळानंतर दारात बादली धरून उभं राहायचं. विमानतळ उडवून देण्याच्या थट्टेच्या ट्वीटवरून 2010 साली इथेही एकाला दंड झाला होता. हायकोर्टाने तो दोषी असल्याचा निकाल 2012 मध्ये रद्द केला.

पण मार्च 2025 मध्ये स्टँड-अप कलाकार कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून मुंबईतल्या खारच्या क्लबची तोडफोड झाली, तेव्हा चर्चा कामराचीच झाली. ज्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही, अशांची पाच-पाच मिनिटं अशा खोलीत घडतात, हा मुद्दा मागे पडला. चित्रपटवाल्यांनी तरी तो उचलायला हवा होता, कारण ही खोली त्यांचीही आहे.

कशी, ते सेटवर कळतं. नटाला संवाद पाठ करून उभं केलं की चालत नाही. चित्रीकरणाआधी त्याने तीच विनोदांची मालिका निदान पाच-सहा ओपन माइकना, म्हणजे नवख्यांना पाच-पाच मिनिटं देणाऱ्या कार्यक्रमांना, करावी, फोनवर रेकॉर्ड करावी, आणि हशा कुठे आला, किती टिकला याच्या खुणा संहितेत कराव्यात. आपल्या एकपात्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पन्नासावा प्रयोग पहिल्यासारखा नसतो, हे ते जाणतात. पडणारे विनोदही असेच तपासावे लागतात. लेखक मुद्दाम टुकार विनोद लिहितात आणि मग नायक बिनडोक वाटतो. पडलेला विनोद मुळात बरा असावा. घाईने, चुकीच्या जागी थांबल्याने किंवा समोरचे लोक चुकीचे असल्याने तो पडावा.

मग प्रेक्षक. रोजंदारीवर आणलेली माणसं तिसऱ्या टेकला खोटं हसतात, आणि ते लगेच ऐकू येतं. म्हणून खरे लोक बोलवावेत, दारातच संमतीपत्रावर सह्या घ्याव्यात आणि पहिल्या टेकला कॅमेरे त्यांच्यावर लावावेत. नटाचे क्लोजअप नंतर घेता येतात, पहिलं हसू पुन्हा मिळत नाही. प्रेक्षक अंधारात असतात, तेव्हा चेहरे दिसण्यापुरता बाजूने मंद प्रकाश हवा. जास्त झाला की लोक अवघडतात आणि हसायचे थांबतात.

खरी गफलत आवाजात होते. नटाच्या हातातला माइक स्पीकरला जोडला की स्पीकरचा आवाज प्रेक्षकांवर रोखलेल्या माइकमध्ये शिरतो, संवाद आणि हशा एकमेकांत कालवले जातात, आणि संकलनात ते सुटे होत नाहीत. स्पीकर जेमतेम ऐकू येईल इतका खाली ठेवावा. हातातल्या माइकचा आणि प्रेक्षकांवरच्या दोन माइकचा ट्रॅक वेगळा घ्यावा. शेवटी, लोक बसलेले असतानाच, मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करावी. भरलेल्या खोलीची शांतता रिकाम्या खोलीसारखी नसते, आणि या चित्रपटात तिची गरज हशापेक्षा जास्त पडते.

ट्रॅक वेगळे ठेवायला आणखी एक कारण आहे, ते आपल्याकडचं. सेन्सॉरने पंचमधला, म्हणजे ज्यावर हशा येतो त्या शेवटच्या वाक्यातला, एक शब्द म्यूट करायला लावला की पडद्यावर काहीच न बोललेल्या वाक्याला पन्नास माणसं खदखदून हसताना दिसतात. 2021 मध्ये सेन्सॉरच्या निर्णयावरच्या अपीलाचं न्यायाधिकरण बंद झालं, त्यामुळे दाद मागायची तर हायकोर्ट, आणि छोट्या निर्मात्याला वकील परवडत नाही. म्हणून ज्या वाक्याबद्दल धाकधूक आहे त्याचा दुसरा, तितकाच चालणारा पंच त्याच संध्याकाळी, त्याच लोकांपुढे घेऊन ठेवावा. ती खोली दुसऱ्यांदा भरण्याइतके पैसे नंतर उरलेले नसतात.