गिलोटीन, हलगा-मच्छे आणि मंडळाचा हिशोब

बेळगावचा हलगा-मच्छे बायपास म्हटलं की आमच्या प्रकाशला थांबवता येत नाही. वडगाव शिवारातली त्याच्या मामांची जमीन त्यात अडकलीय, हे कट्ट्यावर सगळ्यांना तोंडपाठ. खरं परवा सुरेश सरांनी मध्येच तोंड घातलं. हे सर कुठल्याच शाळेत नव्हते. एकदा कुठल्याशा शिबिरात भाषण ठोकलं, तेव्हापासून सर.

"नॅशनल हायवेचा पैसा दिल्लीचा. पार्लमेंट बसलंय की लक्ष ठेवायला! लोकलेखा समिती. 22 खासदार, 15 लोकसभेचे, 7 राज्यसभेचे. मंत्र्याला आत घेत नाहीत. 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. उगाच काय बोलूलायस?" प्रत्येक आकड्याला मांडीवर एक थाप.

"बघते कधी ही समिती?" प्रकाशनं विचारलं.

"कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला की."

"आणि कॅग?"

"खर्च झाल्यावर. आधी कसा बघणार?"

"म्हणजे रस्ता वाहून गेल्यावर खड्ड्यांचा पंचनामा."

दीपक वकील दोन्ही पक्षकारांना धरून असतात. ते म्हणाले, "तसं नाही रे. 2023 मध्ये द्वारका एक्स्प्रेसवेचं कॅगनंच काढलं. किलोमीटरला केंद्रानं मंजूर केले 18.20 कोटी आणि रस्त्याचा खर्च धरला 250.77. आता मंत्रालयाचं म्हणणं असं, की तो आकडा अख्ख्या योजनेच्या सरासरीचा, आणि हा रस्ता आठपदरी, बराचसा खांबांवर. त्यातही तथ्य आहे."

"तथ्य दोन्हीकडं असू दे. समितीनं पुढं काय करायचं?"

"शिफारस. मग सरकारनं काय कारवाई केली, त्याचा अहवाल मागायचा."

"मागू दे की. आम्हीपण इतकी वर्षं मराठीतून कागद मागूलाव."

इथं गजूचा चहा नाकात गेला.

सर मागं हटेनात. खर्चाआधीसुद्धा लोकसभेत खात्याखात्याच्या मागण्या मंजूर व्हाव्या लागतात, त्याशिवाय एक रुपया सुटत नाही, असं त्यांनी बजावलं. वकिलांना राहवलं नाही. "त्याच 2023 च्या मार्चमध्ये सुमारे 45 लाख कोटींचा खर्च चर्चेशिवाय मंजूर झाला. गिलोटीन. सगळ्या मागण्या एकदम मताला, संपलं."

"गोंधळ कोण घालत होतं ते सांगा!" सर उठून उभे.

"दोन्ही बाजू," वकील म्हणाले.

"कुणी का घालीना," प्रकाश म्हणाला, "पावती आपल्याच नावानं फाटतीय."

मग त्यानं दुकान टाकायच्या आधीची गोष्ट काढली. तेव्हा तो एका कंत्राटदाराकडं साइटवर होता. "सगळा खेळ एम.बी.त. मेजरमेंट बुक. इंजिनिअरनं जागेवर येऊन खडीचा थर मोजायचा, बुकात लिहायचं, त्यावर बिल निघतंय. टेपचं एक टोक माझ्या हातात. दुसरं टोक साहेबांच्या हातात पाहिजे. साहेब जीपमध्ये. बुकात 75 मिलिमीटर, खाली 50 पण नाही. ते पान कुठला खासदार उघडूलाय सांगा."

मला विचाराल तर प्रकाशचंच पटलं. खरं कॅगची माणसं हीच एम.बी. उघडतात, नमुन्यादाखल का होईना, आणि साहेब लोकांना जी थोडी धास्ती आहे ती त्यांचीच. हे मी बोललो नाही. सरांनी तेवढंच धरून रात्र काढली असती.

"दिल्ली राहू दे," गजू म्हणाला, "आपल्या बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्णसौध बघा. 2012 ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेले. डिसेंबरात अधिवेशन. बाकीचं वर्ष काय?"

"शेवया," प्रकाश म्हणाला. 2022 चा तो दारात वाळत घातलेल्या शेवयांचा फोटो कुणाच्या मोबाईलवर आला नव्हता? त्यात त्या बिचाऱ्या रोजंदारीच्या बाईचं काम गेलं. इमारतीच्या खर्चाचा जाब कुणाला विचारला ते कुणी सांगत नाही.

अधिवेशन निघालं म्हटल्यावर त्याच्या विरोधातला मराठी लोकांचा महामेळावा निघाला आणि महामेळावा निघाल्यावर सरांचा तो इतिहास. व्हॅक्सिन डेपोजवळ पोलिसांची व्हॅन वळली आणि सर "गाडी बाजूला लावून येतो" म्हणून गेले. सर सायकलवर आले होते.

"मला बीपी आहे," सर म्हणाले.

"खजिनदार होताना नव्हतं काय?" गजू. आता सगळे सावरून बसले, कारण गणेश मंडळाचा दोन वर्षांचा हिशोब सरांकडं आहे.

"हिशोब तयार आहे. पुढच्या मीटिंगला ठेवतो."

"अध्यक्ष विरोधी पक्षाचा पाहिजे, तुम्हीच म्हणालासा. मी बसतो," प्रकाश म्हणाला. "मंडपवाल्याचं बिल पहिलं काढा."

"त्याची पावती… उंदरानं…"

"गणपतीच्या उंदरानं काय?"

वकील हसून हसून कठड्यावरून घसरले. तेवढ्यात चहावाल्याचं पोरगं आलं. सहा चहा, चार भजी, मागची बाकी. सर खिसा चाचपत "आधी चर्चा करूया" म्हणायला लागले, तर प्रकाशनं हात वर केला. "गिलोटीन! सगळ्या मागण्या एकदम मंजूर. सरांच्या नावावर लिही रे."