कूलर लावून राहिलो

होळी झाली की नागपुरात माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "कूलर काढला का?" एवढंच विचारतात. तब्येतीचं पुढे त्यावरच ठरतं. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ वर गेला होता, आणि त्या दिवशीसुद्धा आमच्या आळीतली मंडळी रुमाल बांधून, खिशात कांदा टाकून भाजी आणायला निघाली होती. ही हिंमत घरी चालू ठेवलेल्या कूलरच्या भरवशावर असते.

आमचा कूलर पत्र्याचा आहे, माझ्या छातीएवढा उंच. सुरू झाला की शेजाऱ्यांना आमचं बोलणं ऐकू येत नाही, आम्हालाही येत नाही. संसार टिकायला तेही एक कारण असावं. आठ महिने तो मागच्या व्हरांड्यात ताडपत्री पांघरून झोपतो. मार्चमध्ये ताडपत्री काढली की आतून कपड्यांचे चिमटे, वर्षभर हरवलेला मग्गा आणि एक पाल निघते. पाल दर वर्षी तीच असावी, कारण ती आता मला पाहून पळत नाही.

आता खरं सांगायचं तर कूलर मी लावत नाही, आमचा पोट्टा लावतो. पोट्टा म्हणजे वय वर्षं ३६, पुण्यात नोकरी, हाताखाली बरीच माणसं. दर मार्चला शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघतो, शनिवारी सकाळी तर्री पोहे खातो आणि हाफ पँटवर टाकी घासायला बसतो. जुन्या ताट्यांमधलं कुजकं वुडवूल काढतो, नवीन भरतो, पंपात साचलेला क्षार खरवडतो, वरच्या नळीची भोकं दाभणाने मोकळी करतो. रविवारी रात्री परत. जाणं सातशे किलोमीटर, येणं सातशे. मी शेजारी खुर्ची टाकून सूचना देतो. तो एकही पाळत नाही आणि कूलर उत्तम चालतो.

याबद्दल मी त्याला आजवर काय म्हटलं? सांगतो. माझी सगळी नोकरी कचेरीत गेली. समोर आलेल्या कागदावर 'पाहिले' असा शेरा मारून खाली सही करायची, ही सवय. त्याच्या प्रगतिपुस्तकावरही मी 'पाहिले' लिहीत असे. दहावीला ८९ टक्के मिळाले तेव्हा गुणपत्रिका उलटसुलट करून मी "पाहिलं" म्हणालो होतो. ही गोष्ट आमची ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत, नवीन माणूस गाठून सांगते.

यंदा त्याच्या ऑफिसात काही घाई होती. "बाबा, दोन आठवडे थांबा, मी येतो," म्हणाला. मला वाटलं, पोराला कशाला दगदग? पण असं तोंडाने म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून मी म्हणालो, "तुझ्यावाचून काही अडून नाही राहिलं इथं."

"हात लावू नका बाबा."

मी त्याच दिवशी हात लावला.

ताट्या भरेपर्यंत ठीक होतं. म्हणजे अर्धं वुडवूल ताटीत, अर्धं माझ्या बनियनमध्ये, पण ठीक. मग पाणी भरलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पंप घुरघुरला, पण ताट्या कोरड्याठाक. नळी हलवली तर एका भोकातून पिचकारी सुटली ती थेट दिवाणखान्यात, परवाच धुतलेल्या सोफ्याच्या खोळीवर. ही पोछा घेऊन आली आणि काहीच बोलली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, बोललेली परवडते.

शेवटी व्हिडिओ कॉल.

"बाबा, कॅमेरा कूलरकडे करा."

"केला ना."

"तुमचं नाक दिसून राहिलं."

मधे सूनबाई डोकावली. ही तिला सांगत होती, "अगं, एक गंज खाली लावला, दोन गंज भरले पाण्याने!" सूनबाई पुण्याची. इकडे पातेल्याला गंज म्हणतात हे लग्नाला आठ वर्षं होऊनही तिच्या पचनी पडलेलं नाही. "अगंबाई, एवढा गंज लागला? मग नवीनच घ्या ना कूलर," म्हणाली. तेवढ्यात माझा फोन टाकीत पडता पडता वाचला आणि कॉल कट झाला.

मग मी मागची ताटी काढली आणि डोकं आत घातलं. इतकी वर्षं बाहेरून सूचना देणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच कूलर आतून पाहिला. मोटरच्या वरच्या कोरड्या पत्र्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं होतं. अक्षर पोराचंच, 'र' चा पाय लांब ओढायची खोड अजून तशीच.

'२०१७ पंप नवा. २०१९ मोटरचं बुश बदललं. २०२२ वायर बदलली, आई ओल्या हाताने बटण लावते.' त्याखाली, 'खिडकी उघडी ठेवायला सांगणे, बंद खोलीत नुसता दमटपणा होतो. बाबा ऐकत नाहीत.' आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, चौकट करून: 'बाबा, हे वाचत असाल म्हणजे माझं न ऐकता एकट्याने उघडला आहे. पहिले प्लग काढा.'

मी मान वळवून बघितलं. प्लग लागलेला होता. खालचं बटण चालू होतं. माझा एक हात पाण्यात होता.

हात अगदी हळू बाहेर काढला, पुसला, प्लग उपसला आणि थोडा वेळ पालीकडे पाहत बसलो. हे हिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

त्यानंतर चौकटीखालच्या सूचना वाचत गेलो. पंपाची जाळी उघडून घासली, नळीच्या भोकांत दाभण घातलं. बरोबर तिसऱ्या भोकात क्षाराचा खडा होता. 'तिसरं भोक नेहमी बुजतं' असं तिथे लिहूनच ठेवलं होतं. प्लग लावला. तिन्ही ताट्यांवरून पाणी कसं झिरपायला लागलं! ओल्या लाकडाचा वास घरभर झाला. मी स्वतः उठून खिडकी उघडली.

मग पुन्हा प्लग काढला आणि कपाटातून मार्कर आणला. चौकटीच्या खाली बोटभर जागा होती. सवयीने 'पाहिले' लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मार्कर मात्र खाली ठेववेना. पुढे आणखी एक शब्द लिहायला घेतला, पण तोवर ताटीचं पाणी ओघळून पत्रा ओला झाला होता. पहिल्याच अक्षराचा काळा ओघळ टाकीत गेला. बनियनने पत्रा पुसला, फुंकर मारली, पुन्हा प्रयत्न केला.

"अहो, एवढा वेळ आत डोकं घालून काय करून राहिले?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काही नाही," म्हटलं. "पत्रा वाळायची वाट पाहून राहिलो."