गिलोटिनच्या आधीचा महिना

दर मार्चमध्ये एक संदेश न चुकता फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘मंत्रालये लाखो कोटी उधळतात आणि संसद डोळे मिटून मान डोलावते. ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प काही मिनिटांत मंजूर! संसदीय समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. तिथे सत्ताधाऱ्यांचेच बहुमत. सगळे बंद दाराआड. सरकारी हिशेब तपासणारा कॅग जागा होतो तो पैसा उडाल्यावर. मग हा तपासणीचा तमाशा कशाला?’ खाली हात जोडल्याची तीन चिन्हे आणि ‘पुढे पाठवा’.

(तमाशाला निदान तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असतो. समित्यांच्या अहवालांना तोही नसतो. त्याकडे शेवटी येतो.)

संदेशातले एकेक वाक्य सुटे घेतले तर बहुतेक खरे आहे. चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘काही मिनिटांत मंजूर’

झाले खरे. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेत गेला, आणि एकाही मंत्रालयाच्या मागणीवर, म्हणजे त्याने वर्षासाठी मागितलेल्या खर्चावर, चर्चा झाली नाही. सत्ताधारी राहुल गांधींच्या माफीसाठी अडून बसले होते, विरोधक अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीसाठी. १४ मार्च २०१८ लाही तेच झाले होते, आणि यूपीएच्या काळात २०१३ साली तेच. ठरलेल्या दिवसांतला शेवटचा दिवस आला की उरलेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. तेव्हा हे एका पक्षाचे पाप नाही, पण पाप आहे.

आता उलट कल्पना करा. प्रत्येक मंत्रालयावर बारा-बारा तास भाषणे झाली असती तर कोणता आकडा बदलला असता? एकही नाही. राज्यघटनेच्या कलम ११३ प्रमाणे लोकसभा मागणी मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. कमी करायची तर कपात सूचना आणायची. धोरण अमान्य म्हणून मागणी १ रुपयावर आणा, तक्रार मांडायची म्हणून १०० रुपयांनी कमी करा, किंवा काटकसर म्हणून ठरावीक रक्कम छाटा. पण कपात सूचना मंजूर होणे म्हणजे सरकारवर अविश्वास, त्यामुळे बहुमतातले सरकार ती कधीच मंजूर होऊ देत नाही. शिवाय एकूण खर्चाचा मोठा हिस्सा भारित असतो, म्हणजे त्यावर मतदानच होत नाही. एकटे व्याज बघा: २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ४८ लाख २१ हजार कोटींपैकी ११ लाख ६३ हजार कोटी. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे आणि राष्ट्रपतींचे वेतनही भारितच.

म्हणजे मतदानाच्या मिनिटांत तपासणी शोधणे हेच चुकीच्या जागी शोधणे आहे. ती होते आधीच्या महिन्यात. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, सुरुवातीची चर्चा होते आणि मग संसदेला सुट्टी लागते. खासदार मतदारसंघात हुरडा खायला गेले अशी आपली समजूत. नियमांत ही सुट्टी ठेवली आहे ती मागण्यांच्या छाननीसाठी. १९९३ मध्ये १७ विभागसंबंधित स्थायी समित्या सुरू झाल्या, २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ जण: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. प्रत्येक मंत्रालय कुठल्या ना कुठल्या समितीच्या वाट्याला येते.

समिती आधी लेखी प्रश्नावली पाठवते. गेल्या वर्षी किती मागितले होते, सुधारित अंदाजात किती उरले, डिसेंबरअखेर प्रत्यक्षात किती खर्चले, योजनेचे लक्ष्य किती आणि गाठले किती. मग सचिव समोर बसतात. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, अशा अर्थ मंत्रालयाच्याच सूचना. त्या मोडल्या की उत्तर मंत्र्याला नाही, सचिवाला द्यावे लागते. आणि ते छापले जाते. संसदेच्या पटलावर एकदा आलेली ‘निधी अखर्चित राहिला कारण राज्यांकडून प्रस्ताव आले नाहीत’ ही ओळ विभागाला परत गिळता येत नाही. पुढच्या वर्षी तीच समिती तीच ओळ काढून विचारते, बरं, मग यंदा आले का?

यातही भोक आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला ते दिसले नाही याचे मला नवल वाटते. २०२४ मध्ये निवडणुकीनंतर जुलैत अर्थसंकल्प आला आणि समित्या स्थापन झाल्या सप्टेंबरच्या शेवटी. पैसा आधी मंजूर, छाननी मागाहून. ‘काही मिनिटांत’पेक्षा ही तक्रार कितीतरी वजनदार आहे, पण तिच्यात आकडा चमकत नाही.

‘शिफारशी बंधनकारक नाहीत’

नाहीतच, आणि नसाव्यात. समितीचा शब्द हुकूम झाला तर मंत्रालय समितीच चालवू लागेल आणि खर्च फसल्यावर मंत्री तिच्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. बंधनकारक आहे ते उत्तर देणे. स्थायी समितीच्या अहवालावर विभागाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते, कॅगचे अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीला सहा महिन्यांत. शिवाय समितीच्या शिफारशींचे पुढे काय झाले याचे निवेदन मंत्र्याने सभागृहात करावे, असा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश २००४ पासून आहे.

यावरून समितीचा दुसरा अहवाल तयार होतो, कार्यवाही अहवाल. माझ्या मते संसदेच्या सगळ्या कागदांत वाचायला सर्वांत गमतीचा हाच. त्यात प्रकरणे ठरलेली. कोणत्या शिफारशी सरकारने मानल्या, कोणत्या उत्तर पाहून समितीने सोडून दिल्या, कोणती उत्तरे समितीला पटली नाहीत, आणि कुठे अजून अंतिम उत्तर यायचे आहे. ‘पटली नाहीत’ हे प्रकरण काढा. तिथे विभागाची टोलवाटोलवी आणि त्यावर समितीचे चिडलेले उत्तर शेजारी शेजारी छापलेले असते.

दावा करणाऱ्याच्या बाजूचे उदाहरणही मीच देतो. प्राप्तिकराचा परतावा उशिरा मिळाला तर सरकार करदात्याला व्याज देते. हा खर्च आहे. संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक पैसाही संसदेच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही, हे कलम ११४ स्वच्छ सांगते. महसूल विभाग मात्र हे व्याज खर्चात न दाखवता जमा करातून परस्पर वजा करत राहिला. कॅगने हे वर्षामागून वर्षे लिहिले, लोकलेखा समितीने कॅगची बाजू घेतली, आणि विभागाने आपलेच घोडे पुढे दामटले. इथे समिती हरली म्हणा. पण हा वाद अस्तित्वात आहे हे आपल्याला कुणामुळे कळले?

‘सत्ताधाऱ्यांचेच बहुमत, कोण बोलणार?’

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो सर्वांत पटणारा आणि सर्वांत कच्चा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीचा अहवाल आला. विषय ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’. अध्यक्षा नंदुरबारच्या भाजपच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित. समितीने लिहिले, २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के नुसत्या जाहिरात-प्रसिद्धीवर गेले. मुलींच्या शिक्षणाला आणि आरोग्याला उरले ते उरले. पंतप्रधानांच्या आवडत्या योजनेबद्दल हे त्यांच्याच पक्षाच्या खासदाराच्या सहीने आले. पुढे २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’च्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत या योजनेसाठी जाहिरातीवर शून्य खर्च आणि प्रत्यक्ष कामावर जास्त खर्च असे धोरण आले. सगळे श्रेय समितीला द्या असे मी म्हणत नाही. पण क्रम पाहा.

मार्च २०१८. संरक्षणविषयक स्थायी समिती, अध्यक्ष भाजपचेच मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितले की लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट श्रेणीतली आहे, अत्याधुनिक जेमतेम ८ टक्के, आणि मिळालेली तरतूद पुरणारी नाही. समितीने ते जसेच्या तसे अहवालात घातले. त्याच सप्टेंबरात समित्यांची फेररचना झाली आणि अध्यक्षपद खंडुरींकडून कलराज मिश्रांकडे गेले. फेररचना दरवर्षीच होते, तेव्हा कारण ज्याने त्याने ठरवावे. मला संशय आहे.

आणि मागे गेलो तर १९५७. एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या डबघाईच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली होती. लोकसभेत ते प्रकरण लावून धरले फिरोज गांधींनी. काँग्रेसचे खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. छागला चौकशी आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. ते सभागृहात झाले, समितीत नव्हे. पण बाकावरून कोण बोलू शकतो याचे उत्तर त्यात आहे.

लोकलेखा समितीत तर अध्यक्षपदच १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असते. पहिले स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. अर्थात प्रथा म्हणजे अमृत नव्हे. एप्रिल २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणी तेव्हाचे अध्यक्ष, भाजपचे मुरली मनोहर जोशी यांचा अहवालाचा मसुदा याच समितीत सत्ताधारी बाजूच्या सदस्यांनी बहुमताने फेटाळला होता. म्हणजे बहुमताचा बडगा चालतो. तो चालतो तेव्हा, जेव्हा विषयावर सरकार टिकण्या-पडण्याची वेळ आलेली असते आणि बाहेर कॅमेरे उभे असतात. पाणीपुरवठा विभागाच्या अखर्चित निधीवर कुणी बडगा उचलत नाही.

‘बंद दाराआड’

वरच्या मुद्द्याचे निम्मे उत्तर इथेच आहे. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची सभागृहातल्या मतदानाला लागू आहे, समितीतल्या प्रश्नांना नाही. कॅमेरा नाही, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश नाही, घोषणा देऊन उपयोग नाही. सचिवही जरा मोकळे बोलतात. लष्कराच्या उपप्रमुखांनी ते आकडे थेट प्रक्षेपणात सांगितले असते असे वाटते का? दार बैठकीपुरते बंद असते. अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर येतो आणि संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो.

‘कॅग पैसा उडाल्यावर जागा होतो’

कॅगचे पूर्ण नाव नियंत्रक व महालेखापरीक्षक. पण ‘नियंत्रक’ नावापुरताच. ब्रिटनमध्ये तिजोरीतून पैसा सोडायला त्या पदाची संमती लागते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, आणि १९७६ पासून केंद्राचे हिशेब लिहिण्याचे कामही त्याच्याकडे उरले नाही. म्हणजे लेखापरीक्षण मागाहूनच होणार. हा कॅगचा आळस नव्हे, त्याच्या कामाची जागाच ती आहे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या पदाला बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, तेही पद मागाहून तपासणारे आहे हे ठाऊक असूनच.

कॅगचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत येतो आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. ही समिती १९२१ पासूनची, म्हणजे लोकसभेहूनही म्हातारी. तिचे २२ सदस्य कॅगचे सगळे परिच्छेद तपासू शकत नाहीत, निवडक घेतात. उशीर होतो, बराच होतो. तोवर संबंधित अधिकारी बदलून गेलेला असतो आणि उत्तर द्यायला त्याच्या खुर्चीत बसलेला तिसराच माणूस येतो. ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

पण मागाहून होणारी तपासणी निरुपयोगी असती तर विभागांनी तिला इतके टाळले नसते. मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तर कलम ११५ खाली तो नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी लोकलेखा समितीपुढे कारण मांडावे लागते. आपण वेळेत पुरवणी मागणी का केली नाही, हे सचिवाला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.

आता त्या प्रेक्षकाकडे. लोकलेखा समितीच्या अहवालांवर सभागृहात क्वचितच चर्चा होते, वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळी येतात. ७८.९१ टक्के हा आकडा गाजला, पण त्याच अधिवेशनात पटलावर आलेले बाकीचे अहवाल कुणी उघडले? तुमचा राग रेल्वेवर असो की पीकविम्यावर, त्या मंत्रालयाच्या समितीचा ताजा कार्यवाही अहवाल लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या संकेतस्थळावर सापडेल. उत्तरे पटली नाहीत असे समिती जिथे म्हणते, ते प्रकरण उघडा. पुढे पाठवायचेच असेल तर त्यातले पान पाठवा.